हसाचा पिच्चर

चहा घ्या बायांनो, अन् काल माही कशी फजिती झाली ते आयका. नात म्हणे, "आजी, मैत्रिणीहीले सांगाले तुह्या आवडीचे पिच्चर सांग. एक हसाचा, एक मारामारीचा, एक रडाचा."

म्या हसाचा आधी सांगतला. जत्रेत हरवलेलं लेकरू शेवटी मायले भेटते अन् गावभर जिलबी वाटतात, तो. म्या काही तो पाह्यला नव्हता. आमचे हे साखरखेर्ड्याच्या तंबूत पाहून आले, अन् मी भाकरी थापत होती तवा चुलीपाशी बसून मले सारा सांगतला. नाव अजून पक्कं ध्यानात होतं.

नातीनं तो मोबाईलवर हुडकून लावला. माय शेवटपर्यंत हाका मारत राह्यली, पण लेकरू काही भेटलं नाही. जिलबी त कुठंच नव्हती.

"आजी, हा त रडाचा निंघाला! आजोबा तुह्याशी खोटं काऊन बोलले वं?"

म्या म्हटलं, "त्याच साली आमचं पह्यलं लेकरू गेलं होतं, माय. त्याहीनं निदान पिच्चरातल्या मायले तरी तिचं लेकरू परत आणून देल्लं."