साडेसहा फुटी योस्टची सीट

अरे, एका सीटपायी मी मित्राशी अबोला ओढवून घेतला होता! डेल्फ्ट या डच शहरात शिकताना विद्यार्थ्यांच्या रेसिंग टीममध्ये सीट आणि बेल्टचं काम माझ्याकडे होतं. ड्रायव्हर योस्ट, उंची साडेसहा फूट. चाचणीच्या सकाळी तो गाडीत बसला, तर पट्टे खांद्यावरून मागे पार खाली उतरत होते आणि हेल्मेट डोक्यामागच्या आधाराच्याही वर गेलं होतं.

"धडक बसली तर हे पट्टे तुझा कणा दाबतील. असा मी तुला सोडणार नाही."

"घट्ट आहेत की!" तो वैतागला.

मी ऐकलं नाही. जुनी सीट काढली, त्याच्या मापाची फोमची नवी ओतली, त्याला खाली रेलून बसवलं, आधार उंच केला. अख्खी सकाळ गेली. तो माझ्याशी बोलेना.

दुपारी तिसऱ्याच फेरीत गाडी गरकन फिरली आणि मागून टायरांच्या भिंतीवर आदळली. मी धावत पोचलो, तर योस्ट स्वतःच बेल्ट सोडत होता. त्याने मान वळवून दाखवली, आईला फोन लावून सगळं सांगितलं आणि फोन माझ्या हातात दिला. मला एकही डच शब्द आठवेना.

"काकू, काही झालं नाहीये त्याला," मी चक्क मराठीत म्हणालो.

पलीकडून हुंदका आला, आणि मग डचमध्ये आभार, "दांक ये वेल."