उंबऱ्यापुढचा सडा

(कॅनडातल्या कॅल्गरीत संगमेश्वरच्या घराचं स्वयंपाकघर. तो आणि त्याची आई कमलम्मा. गुरुवार, सकाळचे सात. तिकडं गावी, निलंग्यात, संध्याकाळचे साडेसहा.)

संगमेश्वर : अव्वा, परत तांब्या भरून घेतलास?

कमलम्मा : प्यायला घेतला रे. सडा न्हाई टाकत आता. काल टाकला तेवढा पुरे झाला.

संगमेश्वर : दाराकडं चालली होतीस, म्हणून विचारलं.

कमलम्मा : काचेतून बघत होते. दसरा होऊन आठ दिवस झाले न्हाईत आन् सगळं पांढरंफटक. शेवंतीची कुंडी कुठं गेली तेबी दिसंना.

संगमेश्वर : यंदा लवकर पडला बर्फ. पायरीवर मीठ टाकलंय मी, तरी तू बाहेर पाय ठेवू नकोस. अंबिका वर झोपलीय, गोळी घेऊन. मला साडेआठला मीटिंग आहे आणि अजून गाडीची काच खरवडायचीय.

कमलम्मा : तू जा. नीला उठली की मी भरवते तिला. ते भुशाचं खाणं.

संगमेश्वर : ओट्स म्हण.

कमलम्मा : काही म्हण, वाटीत पडलं की भुसाच दिसतो. अंबिकाचा हात रातच्याला ठणकला का रे?

संगमेश्वर : ठणकणारच. मनगट दोन ठिकाणी मोडलंय. सहा आठवडे प्लास्टर.

कमलम्मा : माझ्यामुळं.

संगमेश्वर : झालं ते झालं.

कमलम्मा : पाच महिने रोज पहाटे सडा टाकला मी या दारात. कुणाला काही झालं न्हाई. ती शेजारची गोरी बाईबी हसून हात हालवायची.

संगमेश्वर : तेव्हा उन्हाळा होता, अव्वा. परवा रात्री उणे सात होतं.

कमलम्मा : म्हणून तर गरम पाणी टाकलं. आधी फड्यानं बर्फ लोटलं, मग गरम पाणी. म्हटलं, पायरी मोकळी होईल, सूनबाई ड्युटीला नीट जाईल. वर दोन बोटं रांगोळी काढली. पाण्याचा दगड होतोय हे मला काय ठाव? आपल्याकडं दारात सडा न्हाई म्हंजे घरात सुतक. मला दार तसं बघवत न्हाई.

संगमेश्वर : कळतं मला. पण आता तिच्या एका हातानं दीड वर्षाच्या पोरीचं काहीच होणार नाही. आज अंजूला सांगून टाक, सोळाला येत नाहीस म्हणून.

कमलम्मा : तूच सांग की. तिकीट तू बदलणार.

संगमेश्वर : मी सांगितलं तर ती भांडेल. तू कसं झालं ते सांग. तुझं ऐकून घेईल.

कमलम्मा : नववा लागलाय रे तिला.

संगमेश्वर : आला बघ तिचाच फोन. उचल. इथं डब्याला टेकव, म्हणजे दिसशील नीट.

अंजू : अव्वा! काय करायलीस? अगं, तोंड दाखव, नुसतं कपाळ दिसायलंय. इभूत दिसली, बाकी अव्वा कुठं?

कमलम्मा : हाय की. जेवलीस का दुपारी?

अंजू : जेवले. अप्पाला भाकरी थापून दिली, त्यांनी डाळीत मीठ न्हाई म्हणून तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, अप्पा, अव्वा येस्तोवर आठ दिवस कळ काढा. गाडीवाल्याशीबी बोलले. हैदराबादच्या विमानतळावर सतराच्या रातीलाच येऊन थांबतो म्हणाला. तुला घेतल्याबिगर हालत न्हाई. फकस्त एक इचारायचं होतं, त्या तिकीटवाल्या उमाशंकरनं—

कमलम्मा : अंजे, आधी माझं ऐक.

अंजू : काय झालं? तुझा आवाज असा का?

कमलम्मा : तुझी वैनी पडली काल. दारात. मनगट मोडलं.

अंजू : अगं बाई! लई लागलं का? कशी पडली?

कमलम्मा : मीच पाडली म्हण. मी सडा टाकला पायरीवर, त्याचं बर्फ झालं काचेवानी. ती पोर अंधारात घाईनं निघाली ड्युटीला आन् पाय घसरला. मी आत नीलाला थोपटत होते. आवाज आला, धावत गेले तर सूनबाई पायरीखाली, आन् माझी रांगोळी तिच्या कोटाला.

अंजू : तू मुद्दाम केलंस का? रडू नको. बरा होईल हात.

कमलम्मा : सहा आठवडे प्लास्टर हाय, अंजे. लेकरू अंगावरचं. संगू म्हणतो, तुला जाता येणार न्हाई. मीबी म्हटलं, खरं हाय त्याचं. माझ्या हातानं झालं, मलाच निस्तरलं पायजे. मी सोळाला येत न्हाई.

अंजू : थांब जरा, अप्पाचा फोन आणते.

कमलम्मा : अंजे? कुठं गेलीस? त्यांचा फोन कशाला?

अंजू : सांगते. अव्वा, वैनी कवा पडली म्हणलीस?

कमलम्मा : काल. बुधवारी सकाळी. परवा राती बर्फ पडलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी.

अंजू : आन् तिकीट बदलायचं कवा ठरलं?

कमलम्मा : काल रातच्यालाच. प्लास्टर करून आल्यावर. आज बदलतो म्हणलाय.

अंजू : अण्णा हाय का तिथं?

संगमेश्वर : आहे. अंजू, मला निघायचंय. आपण रात्री बोलू सविस्तर.

अंजू : थांब की. दोन मिंटं. माझा अप्पाच्या फोनवरून काल उमाशंकरशी बोलायचा बेत होता, विमान किती वाजता उतरतं ते इचारायला. त्याचा आदीचा निरोप तितंच पडला होता, वाचलेला. मला वाटलं त्याचाच काही घोळ झालाय, म्हणून तुला इचारणार होते. वाचून दाखवू?

संगमेश्वर : अंजू, अव्वाला आत्ता त्रास देऊ नकोस.

अंजू : ऐक, अव्वा. "अप्पा, नमस्कार. काकूंचं सोळा ऑक्टोबरचं तिकीट रद्द करून सात फेब्रुवारीचं केलं आहे. संगमेश्वरजींच्या सांगण्याप्रमाणे." सोमवारी दुपारी आलाय. सोमवारी. बर्फ पडायच्या आदी. वैनी पडायच्या दोन दिवस आदी.

कमलम्मा : सोमवारी?

अंजू : अप्पा हितंच बसलेत, ऐकायलेत. मान खाली घातली त्यांनी. म्हणतायत, पोराची काही अडचण आसंल, तू मधी तोंड घालू नको, तुझे दिवस भरत आलेत. अप्पाला ठाव होतं. अण्णाला ठाव होतं. तुला आन् मलाच ठाव न्हाई.

कमलम्मा : संगू.

संगमेश्वर : मी सांगणारच होतो, अव्वा. रविवारी निवांत बसून सांगणार होतो. पाळणाघरात नंबर जानेवारीच्या शेवटी लागतोय. अंबिकाच्या रात्रपाळ्या, माझं काम. इथं शेजारणीकडं पोर टाकून जाता येत नाही. मी काय करायचं होतं?

कमलम्मा : इचारायचं होतं.

संगमेश्वर : विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.

कमलम्मा : म्हणलेच असते. लेकीचं पहिलं बाळंतपण हाय.

संगमेश्वर : म्हणूनच नाही विचारलं. नीलाच्या वेळी अंबिकाची आई येऊ शकली नाही, व्हिसा मिळाला नाही. एकटीनं काढलं तिनं सगळं. कोणी म्हणालं का, अंबिकाचं पहिलं बाळंतपण आहे म्हणून? अंजूकडं तिथं गल्लीभर बायका आहेत.

अंजू : गल्लीभर बायका म्हंजे अव्वा हाय का रे? तू तिथं जाऊन लई हिशोबी झालास, अण्णा.

कमलम्मा : अंजे, तू गप. संगू, काल राती काय झालं ते सांग मला. मी अंबिकाच्या खाटेपाशी गेले. तिच्या पायाला हात लावला. म्हटलं, मला माफ कर सूनबाई, माझ्या अडाणीपणानं तुझा हात गेला. सासूनं सुनेच्या पायाला हात लावला, बाबा. तू कुठं होतास?

संगमेश्वर : तिथंच.

कमलम्मा : तिथंच. चहाचा मग घेऊन दाराला टेकून उभा होतास. तवा तुझ्या तोंडातून निघालं न्हाई का, की अव्वा, तुझं जाणं सोमवारीच रद्द झालंय, त्याचा सड्याशी संबंध न्हाई?

संगमेश्वर : अव्वा—

कमलम्मा : रातभर डोळ्याला डोळा लागला न्हाई माझा. म्हटलं, एवढी साठ पार केली, आन् शेवटाला सुनेचा हात मोडला न् लेकीचं बाळंतपण घालवलं. दोनी एका तांब्यात. गळ्यातलं लिंग हातात धरून बसले होते पहाटेपातुर. तू एकदा पाणी प्यायला खाली आलास. म्हणलास, झोप की अव्वा. एवढंच म्हणलास.

संगमेश्वर : मला वाटलं, आता वेगळं सांगायची गरजच उरली नाही. कारण आपोआप... म्हणजे तसंही राहावंच लागणार होतं ना.

अंजू : ऐकलंस? आपोआप. वैनीचं मनगट मोडलं आन् याचं काम सोपं झालं.

संगमेश्वर : अंजू, तोंड सांभाळून बोल. बायको आहे ती माझी.

कमलम्मा : अंबिकाला ठाव होतं का?

संगमेश्वर : काय?

कमलम्मा : तिकिटाचं. बोल.

संगमेश्वर : तिला मी सांगितलं होतं, अव्वा स्वतःच राहते म्हणाली. नीलाचा लळा लागलाय म्हणून.

कमलम्मा : आता कळलं. काल प्लास्टर घालून आली तवा ती म्हणली, अव्वा, तुम्ही राहायलात, लई मोठं मन हाय तुमचं. मला वाटलं, टोमणा मारायली. मनातल्या मनात वाईट बोलले मी तिला. तू माझ्या मनातून सूनबी उतरवलीस की रे.

संगमेश्वर : चुकलं माझं. झालं समाधान? आत्ता फोन करतो उमाशंकरला. सोळाचं सीट असेल तर परत करून घेतो. मी सुट्टी काढतो. नोकरीचं जे व्हायचं ते होईल.

अंजू : कर. आत्ताच कर. अव्वा, तू ये. माझे पाय सुजलेत, रातीला कुशीवर वळता येईना. मला भ्याव वाटतंय. अप्पाला साधी चूल पेटवता येत न्हाई, मला कळा सुरू झाल्या तर ते आधी चष्मा हुडकत बसतील. मला तू पायजेस. दुसरं कुणी नको.

कमलम्मा : मला ठाव हाय, माय.

अंजू : मग ये की.

कमलम्मा : हितं येऊन बघितलं असतंस तर दिसलं असतं तुला. डावा हात गळ्यात बांधलाय तिनं. केस बांधता येईनात, दूध गरम करता येईना. नीला तिच्या अंगावर झेपावते आन् ती कळवळून मागं सरते. हे पोरगं सुट्टी काढतो म्हणतंय, चार दिवस काढील. पुढं?

अंजू : म्हंजे तू येत न्हाईस. सरळ सांग.

कमलम्मा : त्यानं लबाडी केली ते खरं. पण हात मोडला तेबी खरंच हाय, अंजे. तो काही त्यानं मोडला न्हाई.

अंजू : बरं. अण्णाच्या लेकीसाठी पाच महिने झाले, अजून चार काढ. माझ्या लेकरासाठी सव्वा महिना निघत न्हाई तुला. मी मुलगा असते तर बरं झालं असतं.

कमलम्मा : म्हण. आज तुला काय म्हणायचं ते म्हण. मी ऐकून घेते.

अंजू : मला काही म्हणायचं न्हाई. दिवा लावायचाय, ठेवते फोन.

कमलम्मा : ठेवू नको. तुझ्या सासूला फोन जोड यातच. चतुराबाईला.

अंजू : कशाला?

कमलम्मा : तू उद्याच उदगीरला जा. सासरी.

अंजू : अव्वा, तू काय बोलायलीस? तू तिकडं जायच्या आदी, चोरओटीच्या दिवशी त्या म्हणल्या होत्या, तुमचं परदेशाचं काही खरं न्हाई, पोरीला आमच्याकडंच राहू द्या. तवा तू चारचौघींत त्यांना काय म्हणलीस आठवतंय का? म्हणलीस, माझ्या लेकीचं बाळंतपण दुसऱ्याच्या दारात व्हायला मी मेले न्हाई अजून. पुरणाचं ताट तसंच ठेवून उठल्या त्या. तेव्हापासून त्यांनी तुझं नाव घेतलं न्हाई.

कमलम्मा : आठवतंय की. म्हणून तर मलाच बोललं पायजे. बाई हुशार हाय, हाताला गुण हाय तिच्या. तुझ्या तिन्ही जावांची बाळंतपणं तिनंच केलीत. माझ्यावर राग आसंल, तुझ्यावर न्हाई काढायची.

संगमेश्वर : अव्वा, तू नको कमीपणा घेऊस. मी बोलतो त्यांच्याशी. व्यवस्थित समजावून सांगतो.

कमलम्मा : तू नको. तुझं बोलणं लगेच खरं वाटतं माणसाला.

संगमेश्वर : अव्वा, असं नको ना बोलूस.

कमलम्मा : तुला उशीर होतोय. काच खरवडायची हाय ना? जा. अंजे, लावलास का?

अंजू : लावला. वाजायलाय. अव्वा, अजून इचार कर. त्या ऐकवतील तुला.

कमलम्मा : ऐकवू दे. उचलला वाटतं. विहीणबाई, शरणार्थ. मी कमलम्मा बोलते, संगूच्या घरून... हाव, बरी हाय... न्हाई हो, रडत कशाला? इथं बर्फ पडलंय, थंडीनं आवाज बसलाय जरा... तुमच्याकडं एक मागणं होतं.