खिडकीपाशी कोण झोपणार

जहाजावर चढायच्या रांगेत माझ्यापुढे सून आणि सासरे होते.

“बाबा, परत जायचं नाव काढू नका. खोलीत तिसरा पलंग आहे.”

“अगं, लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून निघालात दोघं. त्यात मी कशाला लुडबुडू?”

“तीस वर्षं जहाजाचं इंजिन सांभाळलंत. आता पाहुणे म्हणून चला की.”

“इंजिनखोलीला खिडकी नसायची. समुद्र फक्त पायांना कळायचा. आपल्या खोलीला आहे?”

“आहे, चांगली मोठी.”

“माझा पलंग तिच्यापाशीच का?”

“नाही, तिसरा पलंग वर आहे, शिडीचा. खिडकीपाशी तुमचा मुलगा झोपणार होता. आता तो शिडी चढेल.”

“त्याला विचारलंस?”

“सामान देऊन आला की सांगते.”

“मग थांबलीस काय? रांग पुढे गेली बघ.”