तळाचं पाणी

वारा थांबेना, म्हणून आम्ही शेर्पा भरदुपारी तिसऱ्या कॅम्पवर तंबूत पडून होतो. शेजारच्या तंबूत स्टोव्ह फुरफुरत होता. तेन्ग्याल आणि त्याचा धाकटा मेहुणा सोनाम पाहुण्या गिर्यारोहकांसाठी बर्फ वितळवत होते.

"दाजी, पिशवीभर बर्फ टाकला, तरी पाणी वाटीभरच."

"बर्फ असाच फसवतो. तळाला चार बोटं पाणी राहू दे. विरजण समज. ते संपलं की पातेलं करपलंच."

"सकाळपासून चारदा सांगितलंत."

"बाटल्या भरल्या?"

"पाहुण्यांच्या तिन्ही भरल्या. आता तुमचा पेला द्या."

"मी प्यायलो मघाशी."

"कधी?"

"तू बर्फ आणायला गेलास तेव्हा."

"दाखवा बघू. दाजी, यात कालची चहापत्ती गोठलीय."

"असेल."

"कालपासून लघवीलाही गेला नाहीत. ताईला काय सांगू मी?"

"सांग, तुझ्या भावानं बडबडून डोकं खाल्लं."

तेवढ्यात पलीकडून पाहुण्याची हाक आली.

"थोडं गरम पाणी मिळेल का? तोंड धुवायचं होतं."

"दे त्यांना, सोनाम."

"पाणी संपलं, साहेब!"

"खोटं कशाला बोलतोस? चार बोटं आहे की."

"आहे ना. घ्या, लावा तोंडाला."

"अरे, ते विरजण..."

"प्या म्हणतो ना!"

थोड्या वेळानं आमच्या तंबूत करपलेल्या पातेल्याचा वास आला.