सगळ्या चांदण्या

“अहो, कोपर आवरा. दुर्बिणीतलं आभाळ हलतंय माझं.”

१८६२ साली न्यूयॉर्कच्या चित्रदालनातल्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं होतं; म्हातारी छोट्या दुर्बिणीतून चित्र न्याहाळत होती. समोरच्या चित्रात हडसन नदीवरचा सूर्यास्त होता. ढगांचे तांबडे-पांढरे पट्टे, कोपऱ्यातल्या निळाईत चांदण्या. आभाळभर आपला अमेरिकेचा झेंडाच.

“चाळीस वर्षं होडी हाकली मी या नदीवर. इतक्या शिस्तीत पट्टे आखून मावळणारा सूर्य नाही पाहिला बुवा.”

“तुम्ही आभाळाकडे बघितलंत कधी? मासेच बघितलेत.”

“बरं, चांदण्या मोजल्यास? चौतीस आहेत. सगळ्या.”

“मग?”

“अगं, दक्षिणेची अकरा राज्यं फुटून गेली. वर्षभर लढाई चाललीय. त्यांच्याही चांदण्या ठेवल्यात यानं. गणित कच्चं दिसतंय चित्रकाराचं.”

“रुसून गेलेल्याचं ताट मांडू नये वाटतं?”

“तू मांडतेस, ते दिसतं मला.”

“तुम्ही ते उचलत नाही, तेही मला दिसतं.”

रांग पुढे सरकली. म्हातारा जागचा हलला नाही.

“थर्झा, आपला लेम्युएल त्यांच्याकडून लढतोय गं.”