म्हसोबाच्या माळावरचे चार दगड

लक्ष्मणराव : ते काही न्हाई, भिमाजी. आमच्या रंभाचं लग्न झालं याच साली, छप्पनच्या वैशाखात. मांडव म्हसोबाच्या माळावरच होता. तवर तिथं कुणी देवाला उलटं फिरलेलं मी बघितलं न्हवतं.

भिमाजी : मांडव निघाला आणि मी चार दगड मांडले. गायरान हाय ते. कुणाला विचारायचं?

लक्ष्मणराव : दगडांना कोण काय म्हणतंय? पण मधोमध देव हाय. पोरं दांडक्यानं चेंडू मारतात आणि देवाला डाव्या हाताला ठेवून चारी दगडांना फेरी घालतात. तसल्या फेऱ्या कधी घालतात, सांगू? खांद्यावर मडकं घेऊन, चितेभोवती.

कौशल्याबाई : भावजी, आधी टेका तरी. चहा ठेवलाय. आल्या आल्या मसणातलं कशाला काढता?

लक्ष्मणराव : उभाच बरा आहे, वहिनी. तुमच्या नवऱ्याला सांगा, काल चावडीवर बैठक झाली. सोपानराव म्हणाले, पोरं उलटी पळायला लागली तशी त्यांची म्हैस आटली.

कौशल्याबाई : पेंड बंद केल्यावर आटायचीच. त्यात आमच्या पोरांचे पाय कुठं आले?

लक्ष्मणराव : खेळ बंद करा असं कुणी म्हटलं न्हाई. मीच तसं म्हणू दिलं न्हाई. फक्त सुलटं पळवा. न्हाईतर रविवारी सकाळी दगड ओढ्यात जातील.

भिमाजी : रविवारी कारखान्याच्या कॉलनीतली पोरं खेळायला येणार आहेत. साहेबानं त्यांना चामड्याचे हातमोजे आणून दिलेत. आमचे हिनं शिवले, जुन्या मोटेचं कातडं गोणपाटावर घालून. ते चालतंय. पण ती पोरं एकीकडून आणि आमची दुसरीकडून पळाली, तर मधे कपाळमोक्ष व्हायचा.

लक्ष्मणराव : मग त्यांनाबी सांग सुलटं पळायला.

भिमाजी : बेसबॉलची रीतच तशी हाय. मारणाऱ्याच्या उजव्या अंगाला पहिला दगड. पहिल्या दिवशी काय झालं ठाऊक हाय? पोरानं चेंडू मारला आणि धावलं डावीकडं, तिसऱ्या दगडाकडं. मागनं सगळी तशीच. कुणी शिकवलं न्हवतं, पायातच होतं ते. चेंडू दोन हातांनी घ्यायचा, घेताना हात मागं न्यायचे, अंडं झेलल्यागत. फेकायचा ज्याच्याकडं, आधी त्याच्याकडं पाऊल टाकायचं. चेंडू अंगावर आला तरी डोळा मिटायचा न्हाई. एवढं सगळं पंधरवड्यात शिकली. पळायची बाजू बदलायला दीड महिना गेला. मी पहिल्या दगडापाशी उभा राहून घसा फोडून घेतला. आता चार दिवसांत परत फिरवू?

लक्ष्मणराव : गावापेक्षा खेळ मोठा झाला म्हणायचा.

भिमाजी : गावानं मला बैठकीला बोलावलं न्हाई.

लक्ष्मणराव : तुझा स्वभाव सगळ्यांना ठाऊक हाय.

कौशल्याबाई : माझाबी ठाऊक करून घ्या. रविवारी पहिल्या दगडावर मी बसणार. उचलायचा तर माझ्यासकट उचला.

भिमाजी : दगडावर बसू नको, पोरं पाय कुठं लावतील? शेजारी बस.

लक्ष्मणराव : थट्टा पुरे. आया घाबरल्यात. उद्या एखादं पोर तापानं फणफणलं, तर तुझ्या दारात येतील.

भिमाजी : येऊ द्या. चेंडू टाकणारं पोर देवापाशी उभं राहतं, आधी त्याच्या पाया पडतं. देवाला काय दिसत न्हाई का, कोण खेळतंय आणि कोण रडतंय ते? आणि लक्ष्मणराव, उलट्या फेऱ्यांचं मला शिकवू नका. त्या मी घातल्यात. तुमच्या भावाच्या, हिंदुरावाच्या चितेभोवती.

(लक्ष्मणराव ओट्यावर टेकतात.)

लक्ष्मणराव : तू होतास तिथं?

भिमाजी : लढाईत एकाच तुकडीत होतो की. बर्माकडं जाणारा रस्ता करत होतो, अमेरिकी पलटणीबरोबर. काम थांबलं की त्यांचे काळे शिपाई हा खेळ खेळायचे. एकानं तुमच्या भावाला बोलावून हातात दांडकं दिलं. मारला त्यानं, आणि पळाला सुलटा. सगळी पलटण हसली. आठ दिवसांनी तो असा पळायला लागला की हसणारे गप झाले. मला त्यानंच शिकवलं. माझे पाय ओढ घ्यायचे डावीकडं, तर तो पाठीत बुक्की घालायचा.

लक्ष्मणराव : घरी कधी सांगितलं न्हाईस.

भिमाजी : तुमची आई आली होती विचारायला, सुखात होता का म्हणून. मी होता म्हटलं. पुढचं कसं सांगू त्या माउलीला? पाऊस थांबत न्हवता, लाकडं ओली. मडकंसुद्धा मिळालं न्हाई. पत्र्याच्या डब्याला भोक पाडलं, खांद्यावर घेतलं आणि तीन फेऱ्या घातल्या. ते चालणं निराळं आणि पोरांचं पळणं निराळं. मला दोन्ही ठाऊक हायत. बैठकीतल्या कुणाला ठाऊक असतील, तर त्यानं यावं आणि दगड उचलावेत.

कौशल्याबाई : भावजी, चहा निवला. दुसरा करते.

लक्ष्मणराव : असू द्या, हाच चालेल. पोरं कितीला जमणार रविवारी?

भिमाजी : आठला.

लक्ष्मणराव : सोपानराव सातला येतील, माणसं घेऊन. मी सहालाच येऊन बसतो.

भिमाजी : त्यांना काय सांगाल?

लक्ष्मणराव : ते माझं मी बघतो. भिमाजी, तो गेल्याचा कागद आला तो लई उशिरानं. पावसात भिजून आलेला, तारीख लागली न्हाई. तिथी ठाऊक न्हाई म्हणून आमी त्याचं सर्वपित्रीला करतो. तुला दिवस आठवतो का?

भिमाजी : नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी. चव्वेचाळीस साली, दुपारी, तापानं. हिंदुराव गेला तेव्हा मी उशाशी होतो.