सिंधूमावशी एकदाही सापडल्या नाहीत

कधीच पकडलं न गेल्याची शिक्षा काय असते, माहीत आहे? आमच्या पंचवटीतल्या सिंधूमावशींना झाली. बारा वर्षं त्या एकाच कोपऱ्यावर भेळेची गाडी लावतात. अतिक्रमणवाल्यांचा ट्रक दिसला, की गाडीसकट गल्लीत गडप.

फेरीवाल्यांना परवाने देणाऱ्या पालिकेच्या समितीत मी नागरिकांतर्फे बसतो. परवान्यासाठी पालिकेचा कागद लागतो, त्यावर नाव आणि जागा हवी. असा कागद फेरीवाल्याकडे एकच असतो, गाडी जप्त झाल्याची पावती. बैठकीला लोक अर्जासोबत पावत्यांचे गठ्ठे घेऊन आले होते.

मावशींनीही अर्ज भरला होता, पण आल्या रिकाम्या हातानं. अभिमानानं म्हणाल्या, "बारा वर्षांत एकदाबी सापडले नाय, साहेब."

अध्यक्ष म्हणाले, "मग तुम्ही तिथे होतात कशावरून?"

दुसऱ्या दिवशी मावशी गाडी घेऊन भर रस्त्यात उभ्या राहिल्या. ट्रक आला. मुकादम उतरून म्हणाला, "मावशी, पळा ना!"

"आज नाय पळणार. कर जप्त."

"नाही करता येत. अर्ज केलेल्यांच्या गाड्यांना हात लावायचा नाही, असा लेखी आदेश आलाय. यादीत तुमचं नाव आहे, कोपरासुद्धा लिहिलाय."

मावशींनी त्याला भेळ खाऊ घातली आणि यादीसकट आदेशाची झेरॉक्स घेतली.

पुढच्या बैठकीत अध्यक्षांनी चष्मा लावून तो कागद उलटसुलट पाहिला. "यावर सही कोणाची?"

"तुमचीच हाय, साहेब. आता मी तिथं होते का नव्हते, ते तुम्हीच सांगा."